डोकं पांढरं, तरी नाव ‘काळ्या डोक्याचा कुरव’? हा पक्षी नक्की कोणता?

ओलीवाळू | ९ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. पक्ष्यांमधलं मला कावळा, चिमणी आणि घार यांपलीकडे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलंय, म्हणून महिनाभर सकाळी किनाऱ्यावर जाते आहे. ओहोटी असली की चिखलात पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवा बसलेला असतो. पाठ फिकट राखाडी, पोट पांढरं, पाय लाल, चोच लाल आणि टोकाशी काळी. डोकंही पांढरंच, फक्त डोळ्यामागे कुणी शाईचं बोट टेकवावं तसा एक काळसर ठिपका.

घरी येऊन शोधाशोध केली तर सगळीकडे ‘काळ्या डोक्याचा कुरव’ असं नाव. आता डोकं तर पांढरंशुभ्र आहे! नवरा म्हणतो, “सीगल म्हण आणि सोडून दे.” सोडायचं तर नाहीये.

तीन प्रकाशचित्रं (प्रचि) देते आहे. तिन्ही एकाच पक्ष्याचे, दहा मिनिटांत काढलेले.

प्रचि १ : बसलेला, बाजूने.
प्रचि २ : उडताना. हललाय, सांभाळून घ्या.
प्रचि ३ : हा प्रकार बघाच. उथळ पाण्यात एका जागी उभा राहून भराभर पाय आपटत होता, हट्टाला पेटलेल्या पोरासारखा. पायाला काही टोचलं असेल का?

गप्पिष्ट | ९ जानेवारी, रात्री ९:३०

सीगलच. तुमच्या मिस्टरांना माझा पाठिंबा.

टिटवी | ९ जानेवारी, रात्री १०:०५

ओलीवाळू, नाव बरोबर शोधलंत. काळ्या डोक्याचा कुरवच आहे हा. डोकं पांढरं दिसतंय कारण सध्या हिवाळा आहे. विणीच्या हंगामात याच्या डोक्यावर गडद टोपडं येतं आणि वीण संपली की जातं. उन्हाळा संपताना पिसं झडून नवी येतात, तेव्हा डोकं पांढरं होतं आणि टोपड्याची खूण म्हणून तो कानाजवळचा ठिपका तेवढा उरतो. वसंत जवळ आला की डोक्यावरची पिसं पुन्हा बदलतात.

गंमत म्हणजे ते टोपडंही काळं नसतंच. उन्हात नीट पाहिलं तर चॉकलेटी असतं. म्हणजे वर्षातले निम्मे महिने डोकं पांढरं, उरलेले निम्मे तपकिरी आणि नाव काळ्या डोक्याचा. नाव ठेवणाऱ्याला लांबून दिसला असणार.

पायाला काही टोचलेलं नाही, निश्चिंत असा. त्यावर सवडीने लिहिते.

दुर्बीणवाला | ९ जानेवारी, रात्री ११:४८

टिटवीताई, क्षमस्व, पण मी असहमत. हा तपकिरी डोक्याचा कुरव आहे. प्रचि १ मोठं करून बघा. चोच जाड आहे. डोळा फिकट आहे, पिवळट-पांढरा, त्यामुळे नजर जरा रागीट वाटते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो, चेहरा कसा सोज्वळ दिसतो. आकारानेही हा थोडा मोठा, ४१ ते ४५ सेंमी.

हिवाळ्यात दोन्ही जाती भारताच्या किनाऱ्यांवर येतात, दोघांच्याही डोळ्यामागे ठिपका असतो, दोघांचीही चोच आणि पाय लाल. ठिपक्यावरून ओळखायला जाल तर फसाल.

टिटवी | १० जानेवारी, सकाळी ७:१५

दुर्बीणवाला, डोळ्याचं सोडा, पंख बघा. प्रचि २ मध्ये पंखाच्या पुढच्या कडेला, मनगटापासून टोकापर्यंत लांब पांढरी पाचर आहे. फोटो कितीही हललेला असू दे, ती पाचर लपत नाही. काळ्या डोक्याच्या कुरवाची हीच खरी ओळख. अर्धा किलोमीटर लांब उडत असला तरी ती दिसते.

तपकिरी डोक्याच्याला तशी पाचर नसते. त्याच्या पंखांची टोकं चांगली रुंद काळी असतात आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. पक्षिनिरीक्षक त्यांना ‘मिरर’ म्हणतात, आपण आरसे म्हणू. प्रचि २ मध्ये आरसे कुठे आहेत, दाखवा मला.

दुर्बीणवाला | १० जानेवारी, सकाळी ८:०२

आरसे पहिल्या वर्षाच्या पिल्लांना नसतात, ताई.

टिटवी | १० जानेवारी, सकाळी ८:०९

पहिल्या वर्षाच्या पिल्लाचा डोळा फिकटही नसतो, दादा. दोन्ही जातींत लहानपणी डोळा गडदच असतो. आता एकतर डोळा फिकट म्हणून मोठा धरा, नाहीतर आरसे नाहीत म्हणून लहान धरा. दोन्ही एकदम नाही चालणार.

गप्पिष्ट | १० जानेवारी, सकाळी ८:४०

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

कडूनिंब | १० जानेवारी, सकाळी १०:२०

मला तर तिन्ही फोटोंत सुरय वाटतोय. पांढरा-राखाडी, पाण्याजवळ, लाल चोच.

टिटवी | १० जानेवारी, सकाळी १०:५१

कडूनिंब, नाही हो. सुरयाची चोच सुईसारखी निमुळती, शेपटी बहुतेक दुभंगलेली, पाय अगदी आखूड. तो हवेतून पाण्याकडे रोखून बघतो आणि सूर मारतो. कुरवाची शेपटी पंख्यासारखी सरळ कापलेली, चोच त्या मानाने दणकट, आणि तो बदकासारखा निवांत पाण्यावर तरंगत बसतो. चिखलात चालतोही ऐटीत. सुरयाला त्या पायांनी तसं चालणं जमणार नाही.

पाणकोंबडा | १० जानेवारी, दुपारी १:३३

दोघांचं भांडण वाचून तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. ओलीवाळूताई, एक विचारू? प्रचि १ आणि प्रचि २ नक्की एकाच पक्ष्याचे आहेत का?

प्रचि १ मधल्याचे पाय गडद लाल आहेत. प्रचि २ मधल्याचे पाय पोटाखाली दुमडलेत, पण जेवढे दिसतात तेवढे नारिंगी. शिवाय प्रचि २ मध्ये शेपटीच्या टोकाला काळा पट्टा आहे आणि पंखावर तिरका तपकिरी पट्टा. ही लहान पक्ष्याची लक्षणं. प्रचि १ मधल्याच्या अंगावर तपकिरी पीस औषधालाही नाही. पूर्ण वाढलेला पक्षी आहे तो.

ओलीवाळू | १० जानेवारी, संध्याकाळी ७:२०

अरे देवा. आता आठवलं. पहिला फोटो काढला, तेवढ्यात एक कुत्रं भुंकत आलं आणि सगळा थवा उडाला. मी त्यातल्या ‘त्याच’ पक्ष्यावर कॅमेरा धरून ठेवला, म्हणजे मला तसं वाटलं. चाळीसेक पक्षी एकदम उडाल्यावर ‘तोच’ कुठला, हे आता मी तरी शपथेवर नाही सांगू शकत.

सकाळपासून माझ्यामुळे तुम्ही दोघं भांडताय, माफी असावी.

दुर्बीणवाला | १० जानेवारी, संध्याकाळी ७:४४

हाहाहा! म्हणजे टिटवीताई प्रचि २ बघून बरोबर आणि मी प्रचि १ बघून बरोबर. प्रचि १ तपकिरी डोक्याचा, पूर्ण वाढलेला. प्रचि २ काळ्या डोक्याचा, पहिल्या हिवाळ्यातला. माफी कसली मागताय, एका धाग्यात दोन जाती मिळाल्या.

टिटवी | १० जानेवारी, रात्री ८:१०

मान्य. आणि मी प्रचि १ कडे धड बघितलंच नव्हतं, पंख दिसल्यावर उत्तर देऊन मोकळी झाले, हेही मान्य. एकमेकांत मिसळून बसतात हे, थवा म्हणजे एकच जात असं नसतं. पाणकोंबडा, तुमची नजर भारी आहे.

पाणकोंबडा | १० जानेवारी, रात्री ८:३५

नजर कसली, मी स्वतः याच खड्ड्यात पडलोय. वर्षभर एकाच जातीच्या मोठ्या आणि लहान पक्ष्याला दोन जाती समजून वहीत लिहीत होतो.

कुरवांमध्ये वय कळलं की अर्धं काम झालं. हे छोटे कुरव दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मोठ्यांसारखे दिसू लागतात. मोठ्या आकाराच्या कुरवांना मात्र त्यासाठी चार वर्षं लागतात. तोवर दर हिवाळ्यात त्यांचा वेष निराळा. पहिल्या वर्षी सगळे चिखलात लोळल्यासारखे तपकिरी, मग हळूहळू पाठ राखाडी होत जाते. जुनेजाणते लोकही मोठ्या कुरवांच्या पिल्लांपुढे हात टेकतात.

अनुस्वार | ११ जानेवारी, सकाळी ९:०५

छान धागा. वाचनखूण साठवली आहे. माझ्यासारख्या विसरभोळ्यासाठी कुणी थोडक्यात सांगेल का, की किनाऱ्यावर उभं राहून आधी काय बघायचं?

दुर्बीणवाला | ११ जानेवारी, सकाळी ९:५०

आधी आकार. शेजारी कावळा असेल तर उत्तम, फुकटची फूटपट्टी. या धाग्यातले दोघं लांबीला साधारण कावळ्याएवढेच, पण काळ्या डोक्याच्याचं वजन जेमतेम २०० ते ४०० ग्रॅम. कावळ्यापेक्षा दांडगा आणि पाय पिवळे असतील, तर ती मोठ्या कुरवांची वेगळी भानगड. आणि त्याहूनही थोराड, लांबट कपाळाचा, पिवळ्या चोचीवर लाल-काळं असलेला दिसला तर तो पल्लासचा कुरव. त्याचे पसरलेले पंख दीड मीटरच्या आसपास भरतात. त्याचं उन्हाळी डोकं मात्र खरोखर काळं असतं. ‘काळ्या डोक्याचा’ हे नाव खरं तर त्याला शोभलं असतं.

छोटा असेल तर उडायची वाट बघायची. घाई करून थवा उडवू नका, तो आपणहून उडतो. पंख उघडले की पाचर का आरसे, एवढंच बघायचं. बसलेलाच मिळाला तर डोळा आणि चोच. डोक्याकडे सगळ्यात शेवटी बघा.

टिटवी | ११ जानेवारी, सकाळी १०:१५

यात एक भर. मान आणि चोच दोन्ही लांबुडकी, कपाळ उतरतं, डोळा फिकट आणि ठिपका जेमतेम असा कुणी दिसला तर तो लांब चोचीचा कुरव असू शकतो. पंखांवर त्यालाही पांढरी पाचर असते, म्हणजे माझी ‘खरी ओळख’ तिथे दगा देते. याच्या डोक्यावर टोपडं कधीच चढत नाही, भर विणीतही नाही.

कडूनिंब | ११ जानेवारी, दुपारी १२:४०

पण ते पाय आपटायचं राहिलंच की!

टिटवी | ११ जानेवारी, रात्री ९:३०

हो, कबूल केलं होतं. कडूनिंब, आठवणीबद्दल आभार.

प्रचि ३ मधला नाच म्हणजे त्याची जेवणाची तयारी. उथळ पाण्यात किंवा ओल्या चिखलात उभं राहून कुरव आळीपाळीने भराभर पाय मारतो. त्याने तळ ढवळला जातो, चिखल सैल होतो आणि आतले बारीक जीव, किडे, कोळंबीच्या जातीचे चिमुकले प्राणी हलू लागतात. हलला की दिसला, दिसला की गेला. नाचताना त्याची मान खाली असते बघा, सगळं लक्ष पायाखाली. गवताळ मैदानावरही कुरव हेच करतात. तिथे जमिनीला हादरे बसून गांडुळं वर येतात.

हे कुणी त्याला शिकवत नाही. माणसाने पिल्लापासून वाढवलेले कुरवही असे पाय मारतात.

बाकी खाण्याच्या बाबतीत या पक्ष्याला सोवळं-ओवळं नाही. नांगरामागे चालत किडे वेचेल, मासेमारीच्या होड्यांमागे जाईल, कचऱ्यात तोंड घालेल. पावसानंतर पंख फुटलेल्या मुंग्या हवेत उठल्या की गिरक्या घेत त्या टिपेल. आणि दुसऱ्याचं पळवेल, ते तर विचारूच नका. शेतात टिटव्या गांडुळं शोधत फिरतात, हा शेजारी शांतपणे उभा असतो. टिटवीने गांडूळ ओढून काढलं की झडप घालून हिसकावतो. (माझा आयडी टिटवी आहे, त्यामुळे यात थोडा वैयक्तिक राग आहे.)

गप्पिष्ट | ११ जानेवारी, रात्री १०:०२

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं, आता खरंच वाचतोय. एक शंका. दिवसभर समुद्रावर, मग पाणी कुठलं पितात? खारं?

पाणकोंबडा | १२ जानेवारी, सकाळी ६:५५

खारं पाणी पितात आणि पचवतातही. डोळ्यांच्या वर, कवटीला लागून मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातला जादा क्षार त्या बाहेर काढतात आणि दाट खारं पाणी नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाशी येतं. समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण ३.५ टक्के असतो, या थेंबात त्याहून जास्त. म्हणून तर जमतं. आपण समुद्राचं पाणी प्यायलो तर ते मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावं लागतं. कुरवाकडे दुसरा नळ आहे.

या ग्रंथींचं काम १९५० च्या दशकात शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, आधी पाणकावळ्यांवर प्रयोग करून आणि मग कुरवांवर. तोवर पक्ष्याचं सर्दी झाल्यासारखं नाक गळतं कशाला, हे कोडंच होतं. बसलेला कुरव मधूनच मान झटकतो आणि चोचीवरून थेंब उडतो, तो हाच. गोडं पाणी मिळालं तर मात्र ते आवडीने पितात, आंघोळही करतात.

ओलीवाळू | १२ जानेवारी, सकाळी ९:४०

मान झटकताना रोज बघते! मला वाटायचं डोळ्यात वाळू जाते.

आज नवीन काहीतरी बघितलं. सगळेच्या सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. शाळेत प्रार्थनेला उभी असलेली मुलं जशी. त्यातले बरेच एका पायावर.

दुर्बीणवाला | १२ जानेवारी, सकाळी १०:१२

वाऱ्याकडे तोंड. वारा समोरून आला तर पिसं अंगाला चिकटून राहतात, पाठीमागून आला की उलटी होतात आणि आत गारवा शिरतो. शिवाय एकदम उडायचं झालं तर समोरचा वारा वर उचलायला मदत करतो. एक पाय पोटाच्या पिसांत घेतला की उष्णता वाचते, कारण पायावर पिसं नसतात. वाऱ्याची दिशा कळायला किनाऱ्यावर कुरवाएवढं स्वस्त यंत्र नाही.

मी_उगाच | १२ जानेवारी, दुपारी ३:१८

मागच्या वर्षी एका बंदराच्या धक्क्यावर माझ्या हातातला खाऊ एका धटिंगणाने पळवला होता. हे छोटे असं करतात का? आणि उपाय काय?

टिटवी | १२ जानेवारी, दुपारी ४:०१

हातातून पळवणारे बहुतेक मोठ्या जातींतले असतात, युरोपात विशेषतः हेरिंग गल नावाचा कुरव. उपाय सोपा आहे, त्याच्याकडे बघा. विनोद नाही हा. इंग्लंडच्या किनाऱ्यावर हेरिंग गलसमोर खाण्याची पिशवी ठेवून प्रयोग केला होता, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. माणूस टक लावून बघत असेल तर पक्षी पिशवीजवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त घेत. बरेच पक्षी तर माणूस शेजारी असताना आलेच नाहीत. चोराला नजर झोंबते.

अनुस्वार | १२ जानेवारी, दुपारी ४:३०

पावाचे तुकडे टाकून फोटो काढणाऱ्यांचं काय? आमच्या ओळखीत एक गृहस्थ तेच करतात, वर म्हणतात, पुण्य लागतं.

दुर्बीणवाला | १२ जानेवारी, संध्याकाळी ५:१५

त्यांना सांगा, पुण्य दुसरीकडे शोधा. पावाने पोट भरतं, पण पिसं बदलायला आणि पुढच्या प्रवासाला जे लागतं ते त्यात नाही. माणसाच्या हाताकडे झेपावायची सवय लागते, आणि मग मी_उगाच यांच्यासारखी माणसं तक्रार करतात. गर्दीत एकत्र खाऊ घातल्याने आजारही पसरतात. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या काळ्या डोक्याच्या कुरवांच्या वसाहतींत बर्ड फ्लूने मोठ्या संख्येने पक्षी मेले. किनाऱ्यावर मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.

शंखशिंपले | १३ जानेवारी, सकाळी ११:२२

उशिरा आले धाग्यावर. हे लोक हिवाळ्यात येतात म्हणता, मग घर कुठे यांचं?

पाणकोंबडा | १३ जानेवारी, दुपारी १२:१०

दोघांची घरं वेगवेगळी, आणि गंमत अशी की घरी दोघंही फारसे ‘समुद्रपक्षी’ नाहीत.

तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियाच्या उंच पठारांवरचा. तिबेट आणि आसपासचा प्रदेश, आणि भारतातही लडाखमध्ये त्सो मोरिरी, त्सो कार अशा ४,५०० मीटरच्या आसपासच्या तलावांकाठी तो वीण करतो. म्हणजे प्रचि १ मधला हा गृहस्थ हिमालय ओलांडून समुद्रसपाटीला उतरलाय. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४० साली जेर्डनने केलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात तो शल्यचिकित्सक होता.

काळ्या डोक्याचा पसारा फार मोठा, युरोपपासून आशियाच्या पूर्व टोकापर्यंत. दलदली, तळ्यांचे काठ, वाळूचे ढीग, जिथे जागा मिळेल तिथे वसाहत. पसरतोय अजूनही. आइसलँडमध्ये १९११ पासून वीण करू लागला, आणि १९७७ मध्ये अटलांटिक ओलांडून कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये त्याचं घरटं सापडलं. अभ्यासकांनी ओळखीसाठी पायात वाळा घातलेले पक्षी पुन्हा सापडल्यामुळे हेही कळलंय की काही जण तीस वर्षांहून जास्त जगतात.

शंखशिंपले | १३ जानेवारी, दुपारी १२:४५

तीस वर्षं! मी दहा-बारा धरून चालले होते. घरट्याबद्दल अजून सांगा की.

टिटवी | १३ जानेवारी, रात्री ९:५५

हा माझा आवडता विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

जमिनीवर गवताकाड्यांचं साधं घरटं, त्यात दोन-तीन अंडी. रंग हिरवट-तपकिरी, वर गडद डाग. मातीत असा मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसू नये. नर-मादी दोघंही उबवतात, २३ ते २६ दिवस. पिल्लू बाहेर आलं की आई किंवा बाप फुटलेलं कवच चोचीत धरतो, उडत जाऊन लांब टाकतो आणि परत येतो. वर्षातून काही मिनिटांचं काम. पण त्या काही मिनिटांत घरटं उघडं पडतं. मग एवढा धोका कशाला पत्करायचा?

हा प्रश्न निको टिनबर्गन यांना पडला. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी १९७३ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले एक. इंग्लंडमधल्या रेव्हनग्लासच्या वाळूच्या टेकड्यांवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कुरवांची अंडी मांडून ठेवली. काहींच्या शेजारी फुटकं कवच ठेवलं, काहींपासून थोडं लांब, काहींजवळ नाहीच. कवच बाहेरून मातकट असलं तरी आतून पांढरं असतं आणि ते पांढरं लांबून चमकतं. जितकं कवच जवळ, तितकी कावळ्यांनी ती अंडी जास्त शोधली. हे काम १९६२ मध्ये प्रसिद्ध झालं. कवच टाकणं म्हणजे आवराआवर नव्हे, लपवालपवी.

पुढचा भाग मला जास्त थरारक वाटतो. एवढा धोका असेल तर पिल्लू निघाल्या क्षणी कवच उचलायला हवं ना? तसं करत नाहीत. तास-दीड तास थांबतात. कारण शेजारी! वसाहतीतले इतर कुरव ओल्या, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला गिळून टाकतात. पिल्लू वाळून त्याची लव फुलली की ते गिळायला अवघड जातं. म्हणून आधी पिल्लावर पहारा, मग कवच. कावळ्यापासून वाचायचं तर लवकर जा, शेजाऱ्यापासून वाचायचं तर थांब. दोन्हींच्या मधली वेळ साधायची.

आणि याचा उलटा पुरावाही आहे. किटिवेक नावाचा कुरव उभ्या कड्यांच्या कपारीत घरटं करतो, जिथे शत्रू सहसा पोचत नाही. तो कवच तसंच पडू देतो.

गप्पिष्ट | १३ जानेवारी, रात्री १०:२०

टिटवीताई, शेजाऱ्यांबद्दलचा परिच्छेद आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?

टिटवी | १३ जानेवारी, रात्री १०:३१

माझं नाव न घेता टाका :)

ओलीवाळू | १४ जानेवारी, सकाळी ८:२५

मी हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो आता म्हणतो, “मग ते टोपडं फक्त विणीपुरतंच का?” (सीगल म्हण आणि सोडून दे म्हणणारा हाच तो.)

दुर्बीणवाला | १४ जानेवारी, सकाळी ९:३८

दादांना नमस्कार सांगा, प्रश्न नेमका आहे.

ते टोपडं म्हणजे भांडायचा मुखवटा. वसाहतीत जागेवरून वाद झाला की कुरव मान पुढे काढून गडद चेहरा थेट समोरच्याच्या तोंडावर रोखतो. पांढऱ्या अंगावर तो चेहरा अगदी उठून दिसतो. पण जोडीदार जवळ आला तर हाच चेहरा अडचणीचा. तेव्हा दोघं शेजारी उभे राहतात आणि एकाच वेळी झटक्यात माना विरुद्ध बाजूला फिरवतात. चेहरा लपवला, पांढरी मानगूट दाखवली. भांडायला आलो नाही, एवढंच सांगायचं असतं. नवी जोडी जमताना हे बरेचदा दिसतं. हिवाळ्यात राखायला घरटं नसतं, मग मुखवटाही उतरतो. तरी चिखलातल्या चांगल्या जागेवरून चोचाचोची चालतेच.

आवाज ऐकलात ना? कर्कश, खिदळल्यासारखा. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७६६ साली याला नाव दिलं त्यात ‘रिडिबुंडस’ आहे, लॅटिनमध्ये हसरा. पुढे २००५ च्या जनुकीय अभ्यासानंतर या छोट्या कुरवांना ‘लारस’ या मोठ्या गटातून काढून ‘क्रोइकोसेफॅलस’मध्ये टाकलं. त्या शब्दात रंगीत डोकं असा अर्थ आहे. काळं, तपकिरी या वादात न पडता नुसतं ‘रंगीत’ म्हटलंय, हुशारीच.

कडूनिंब | १४ जानेवारी, सकाळी १०:००

आणि त्यातला लांब चोचीचा, ज्याला टोपडं येतच नाही, तोही रंगीत डोक्याच्या गटात?

दुर्बीणवाला | १४ जानेवारी, सकाळी १०:०४

हो :( नावांच्या बाबतीत या लोकांना कुणीच न्याय दिलेला नाही.

ओलीवाळू | १६ मार्च, सकाळी १०:५०

धागा वर काढते आहे. मध्ये गुडघ्यामुळे दोन आठवडे घरीच होते. परवा गेले तर थव्यातले दहा-बारा पक्षी ओळखूच येईनात. कुणाच्या डोक्यावर अर्धवट टोपडं, कुणाच्या नुसतेच काळसर चट्टे, दोघांचं पूर्ण. पूर्णवाल्यांच्या डोळ्याभोवती पांढरी अर्धी कडी. ऊन होतं, रंग खरंच चॉकलेटी होता. आणि पंख उघडल्यावर पाचर दिसली, कुणालाही न विचारता! (प्रचि ४, ५.) दोन्ही फोटो एकाच पक्ष्याचे आहेत, या वेळी नजर हटवली नाही.

मान फिरवणं दिसेल म्हणून तासभर वाळूत बसले. नाही दिसलं. एकाने दुसऱ्याच्या चोचीतून काहीतरी हिसकावलं तेवढं.

टिटवी | १६ मार्च, दुपारी १:१५

प्रचि ५ सुरेख! काळ्या डोक्याचा, शंभर टक्के, आणि पूर्ण वाढलेला. टोपडं मानगुटीपर्यंत न जाता मागे अलीकडेच थांबलंय बघा, तेही त्याचंच लक्षण.

पाणकोंबडा | १६ मार्च, दुपारी २:४०

+१. ताई, तारीख आणि अंदाजे संख्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ताडून बघता येईल. कुणाच्या पायात वाळा दिसला तर त्याचा रंग, अक्षरं आणि डावा पाय का उजवा, तेही. वाळे घालणाऱ्या संस्थेला कळवलं की तो पक्षी कुठून आला ते समजतं.

ओलीवाळू | ११ एप्रिल, सकाळी ९:१०

वही घेतली. आजची नोंद : छोटे कुरव शून्य. होड्यांपाशी तीन मोठे, पाय पिवळे, पाठ गडद राखाडी, एकाचं अंग अजून तपकिरी. प्रचि काढलेत.

गप्पिष्ट | ११ एप्रिल, सकाळी ९:१८

सीगल.

दुर्बीणवाला | ११ एप्रिल, सकाळी ९:३५

ताई, मोठ्यांसाठी नवीन धागा काढा, इथे घुसवू नका. त्याला दोनशे प्रतिसाद लागतील.